पापणी नसलेलं जनावर

माय, तुला मासा म्हटलं की कालवणातला तेवढा माहीत. इथं वडवणीत आमच्या खानावळीच्या कोपऱ्यात काचेची मोठी पेटी आहे, पाण्यानं भरलेली, आणि तिच्यात मासे नुसते फिरायला ठेवलेत. खायला नाही, बघायला. तुझ्या जावयाचं डोकं. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी ती बीडहून टेम्पोत घालून आणली. म्हणाले, "गिऱ्हाईक बघत बसतंय, भाकरीला येळ लागला तरी वरडत न्हाई." मी म्हणाले, "माणसांना घालून घालून माझे हात मोडले, आता ह्यांना कोण घालणार?" "मी घालतो की," म्हणाले. आणि घालायचे. सकाळ-संध्याकाळ चिमटीनं दाणे सोडायचे आणि वर "खा रं, खा" म्हणायचे. मला उभ्या जन्मात असं कधी म्हणाले नाहीत.

ह्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारची गर्दी उरकली, बाकावर टेकले, ते तसेच. बाया म्हणाल्या, रडू द्या हिला, नाहीतर डोक्यात जाईल. मी पण रडू यायची वाट बघितली. आलं नाही. तेरावं झालं, शटर उघडलं, पीठ मळायला घेतलं. माशांना घालायचं काम आपोआप माझ्याकडं आलं.

मग मासे रोडावायला लागले. एंजल म्हणतात त्यांना, चपटे, काळ्या पट्ट्यांचे. पोट आत गेलेलं, डोकं तेवढं मोठं, आणि मागून पांढरा दोरा लोंबतोय. दाणा तोंडात घेतात आणि थुंकतात. मी कोकरांत वाढलेली बाई, मला कुणी सांगायला नको. जंत. तू कोकराची पापणी खाली ओढून बघायचीस, आतून पांढरी दिसली की नळीनं औषध पाजायचीस. माशाला पापणी नसते, माय. कुठं ओढून बघू? जनावरांच्या औषधाच्या दुकानात गेले, मेंढराचं जंताचं औषध आणलं आणि टोपणभर पेटीत ओतलं. पाण्याचं ताक झालं. एक मासा त्याच दिवशी मेला, औषधानं का जंतानं, कोण जाणे. बीडच्या मासेवाल्याला फोन लावला.

"मावशी, टाकलं काय त्याच्यात?"

"मेंढराचं औषध."

तो म्हणाला, "ओ मावशी, मेंढरू हाय का ते?"

"जंत ते जंतच की."

"आवो, पाण्यात ओतून पोटात कसं जाईल? जंत आतड्यात हायेत. खाण्यातून गेलं पायजे."

"खातच न्हाई, तर खाण्यातून कसं घालू?"

"तोंडात तर घेतो ना? थुकला तरी चालंल, परत टाका. तोंड उघडतोय तवर जमंल. एकदा तोंड मिटलं की माझ्याकडं बी काय विलाज न्हाई."

त्यानं बसच्या कंडक्टरजवळ पावडर पाठवली. पाणी बदला म्हणाला. सगळ्यात खंगलेला वेगळ्या टबात ठेवा. एक दिवस सगळ्यांना उपाशी ठेवा, म्हणजे तोंड लावतील. मग दाणे लसणाच्या पाण्यात भिजवून पावडर चोळून घाला, लसणाच्या वासाला मासा येतो. उरलेलं आणि घाण नळीनं ओढून काढा, नाहीतर तेच परत खातात. "आन् मावशी, आधी चांगल्यांचं उरकायचं. आजाऱ्याचं शेवटी. न्हाईतर हातानं तुमीच रोग फिरवताल."

आजाऱ्याचं शेवटी. हे मला तू शिकवलेलं, काठीनं. मी हागवणीच्या कोकराला आधी पाला घातला आणि त्याच हातानं दुसऱ्यांकडं पळाले, तेव्हा माझ्या मनगटावर मारलंस. "समदीच मारायचीत का गं?" तुझा हा कायदा घरात पण होता. मला कावीळ झाली त्या वर्षी तू मला दाराशी बसवलंस, जर्मनची ताटली वेगळी केलीस. बा जेवायचा, भाऊ जेवायचे, कुत्र्याला तुकडा पडायचा, मग माझी पाळी. कुत्र्याच्या नंतर. हे मी जन्मभर धरून ठेवलं. लग्नात रुखवतावर भांडले तेव्हा पण हेच तोंडावर फेकलं होतं. तू रुखवत मांडत राहिलीस.

आता संध्याकाळी शटर ओढते. आधी पेटीतल्यांना घालते, मग टबापाशी येते. ह्याच्यानंतर कुणी नाही. कुणी "वाढ गं" म्हणून बसलेलं नाही. पालथ्या बादलीवर बसते, एक दाणा सोडते. घेतो, थुंकतो. परत सोडते. घाई करून उपयोग नाही, आणि मला घाईशिवाय काही येत नाही, तरी बसते. तसं बसल्यावर एकदा आठवलं की तू पण माझ्याजवळ बसायचीस. सगळ्यांचं उरकलेलं असायचं, तुला मागून हाक मारणारं कुणी नसायचं. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून एकेक घास ताटली रिकामी होईस्तवर द्यायचीस. बाकी कुणाजवळ तू कधी बसली नाहीस. मला कुत्रं तेवढं लक्षात राहिलं. हे कळलं म्हणून बरं वाटलं असं नाही. कळलं, एवढंच.

पुण्याहून तुझ्या नातीचा फोन आला. "आई, एका माशासाठी कशाला एवढं? मेला तर मेला, नवा आणू."

"नवा आण तू. हा तुझ्या बापानं आणलेला हाय."

ती म्हणाली, "खातो का?" म्हटलं, "थुकतोय."

आणखी दोन मासे गेले. पेटीत आता तिघं आहेत आणि टबात हा. परवा ह्यानं दाणा घेतला आणि थुंकला नाही. मी वाकून बघत राहिले. गालफाडं हलली, मग पाण्यात वर आला आणि दुसऱ्या दाण्यासाठी तोंड उघडलं. मी दिला. काल सकाळी त्याची घाण काळपट होती, पांढरा दोरा नाही. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं, आणि मी चष्मा लावून माशाची घाण बघतेय. आनंद झाला म्हणावं तर तसं काही नाही.

आज मासेवाल्यानं विचारलं, "सोडला का मावशी पेटीत?"

मी म्हणाले, "आजून न्हाई, जरा नरमच हाय."

हा कागद काही तुझ्यापर्यंत येत नाही, म्हणून तुला सांगते. मासा नरम बिरम काही नाही. आज सगळे दाणे खाल्ले त्यानं, तरी मी बादलीवर बसूनच राहिले.