मुलग्यांची सरासरी

९ जानेवारी
शाळेतून निरोप. आंतरराष्ट्रीय विज्ञान चाचणीसाठी देशभरातून पंधरा वर्षांची मुलं निवडलीत, त्यात आमचे चिरंजीव! बायको म्हणते, कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढली. असेल. पण कॉम्प्युटरला तेवढी अक्कल असतेच.

गेल्या खेपेला म्हणे आपले मुलगे मुलींच्या मागे पडले. मुलग्यांची सरासरीच घसरली. आता ती वर काढणं माझ्या हातात आहे. म्हणजे मुलाच्या. आपल्या घरात विज्ञान पहिल्यापासून आहे. मी स्वतः वीस वर्षं वीज कंपनीत. (बिलिंगला.)

१२ जानेवारी
चाचणीसाठी पालकसभा. मुलांनाही बोलावलं होतं. मुख्याध्यापिका माहिती सांगत होत्या. मला पाच मिनिटांत सगळं कळलं, म्हणून उठलो. बाकीच्यांच्या शंका ऐकत कोण बसणार? शिवाय स्कूटर नो पार्किंगला होती. मुलगा शेवटपर्यंत थांबला. शिस्त आहे पोराला.

१३ जानेवारी
मुलाने जेवताना बॉम्ब टाकला. सायन्स घ्यायचं नाही, टेलरिंगचा कोर्स करायचाय. अर्जाची मुदत एप्रिलअखेर, त्यावर वडलांची सही लागते. टेलरिंग! आईच्या शिलाई मशीनवर सुट्टीभर बसू दिलं, त्याचं हे फळ. मी अजिबात चिडलो नाही. फक्त ताट सरकवलं. पाण्याचा तांब्या आपोआप पडला.

मग तोच म्हणाला, बाबा, पैज लावू. एप्रिलअखेरपर्यंत या चाचणीत माझा नंबर लागला तर सायन्स घेतो. नाही लागला तर तुम्ही मुकाट्याने सही करायची. मी जागेवर कबूल! बायकोला साक्षीदार केलं. ती गालातल्या गालात हसत होती. आनंद झाला असणार. काय पोराचा आत्मविश्वास! अगदी माझ्यावर गेलाय.

१९ जानेवारी
वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. रोज पहाटे साडेपाच ते सात विज्ञान, बापलेक एकत्र. त्याआधी माझा व्यायाम. कॉलेजपासून कंबर चौतीस आहे, ती टिकवायला हवी.

२० जानेवारी, सकाळी ८.१०
अलार्म वाजला नाही. मुलगा म्हणतो, वाजला, तुम्हीच बंद केलात. असले वाद घालण्यात वेळ जातो. सोमवारपासून सुरू करू.

२ फेब्रुवारी
प्रयोग पहिला: सर्किट. बल्ब, वायर, सेल. मुलगा म्हणाला, सेलवर भागेल. मी म्हटलं, सेलवर खेळणी चालतात. थेट प्लगला जोडलं. आख्ख्या मजल्यावरची वीज गेली. शेजारीपाजारी जिन्यात जमले. वायरमनला मी सांगितलं, मीही वीज कंपनीतच आहे. त्याने विचारलं, कुठल्या खात्यात? मी विषय बदलला.

१६ फेब्रुवारी
प्रयोग दुसरा: लंबक. पंख्याच्या हुकाला दोरी, दोरीला कुलूप. मी स्टुलावर. मुलाला समजावत होतो, जड वस्तू भराभर झुलते. तो म्हणाला, वजनाचा संबंध नाही बाबा, दोरीच्या लांबीचा आहे. उलट बोलायची सवय! मोठं कुलूप उचलायला वाकलो आणि पँट मागून टर्रकन फाटली. ऑफिसची. हल्ली कापडात काही राम राहिला नाही.

मुलाने तासाभरात शिवून दिली. कुठे फाटली होती ते मलाही सापडेना. बसायलाही बरं वाटतंय. पण तेवढ्या वेळात एक धडा झाला असता.

१४ मार्च
उद्या चाचणी. तीन पेनं भरून दिली. परीक्षा कॉम्प्युटरवर असते म्हणे. तरी असू द्यावीत.

१५ मार्च
कशी गेली? बरी. संपलं! शेवटी एक प्रश्नावली होती. विज्ञानात तुम्ही स्वतःला किती हुशार समजता? याने 'बेताचा' वर खूण केली. मी कपाळावर हात मारला. अरे, फुकटचे मार्क होते! बायको म्हणाली, तुम्हाला विचारलं असतं तर? सगळ्यात वरचा रकाना, त्यात विचारायचं काय? घरी विज्ञानावर कोणी बोलतं का, असंही विचारलं होतं. तिथे त्याने 'जवळजवळ रोज' लिहिलं म्हणे.

१० एप्रिल
निकाल नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय. साहेब रोज विचारतात. सरकारी कामं अशीच रखडतात.

२४ एप्रिल
रजा टाकून शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, यात एकेका मुलाचा निकाल नसतोच. मार्क नाहीत, नंबर नाही. सगळ्यांचं मिळून देशाचं माप निघतं, तेही पुढच्या वर्षी. हे सभेत सांगितलं होतं. तुमच्या मुलाने तर दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दोनदा.

चालत घरी आलो. स्कूटर शाळेपाशीच राहिली.

२५ एप्रिल
अबोला धरलाय. पोटच्या पोराने बनवलं! ऑफिसात काय तोंड दाखवू? मला फार वाईट वाटलंय, हे इथे लिहून ठेवतो.

पण डोकं बघा. आधी माहिती काढली, मग खात्री केली, मग पैज लावली. यालाच सायंटिफिक मेथड म्हणतात. हे बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, छान, मग सही करा.

३० एप्रिल
सही केली. मुलगा थँक्यू म्हणाला आणि तिथेच घुटमळला. मग म्हणाला, कोर्सला नमुन्याची पँट शिवून न्यायचीय, तुमची शिवू? मागे फाटलेली शिवताना शिवणीतलं होतं नव्हतं ते कापड सोडून झालंय, आता नवीच लागेल.

टेप घेऊन आला. मी म्हटलं, माप कशाला, चौतीस लिही. म्हणाला, तरी घेतो. मी ताठ उभा राहिलो. तो टेप धरून थांबला. थांबूनच राहिला. म्हणाला, बाबा, श्वास सोडा. मी म्हटलं, सोडलेलाच आहे. तो म्हणाला, असू दे, घाई नाही.

शेवटी सोडला. चाळीस. त्याने आकडा मोठ्याने म्हटला नाही, नुसता लिहून घेतला. खरं सांगायचं तर, बरं वाटलं.