मोडक्या हाडाची जात

॥ श्री ॥
मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ फेब्रुवारी १९९६

चि. मल्लेश यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आपली अव्वा गडहिंग्लजला न्हाणीत घसरली आणि डावं मनगट मोडलं. एस.टी.त शेजारच्या पावण्याला नीट बसायला शिकवत ती इथं लेकीच्या घरी आली, म्हणजे तोंड शाबूत आहे.

कच्चं प्लास्टर घातलंय. एक्स-रेचा फोटो बघून एक डॉक्टर म्हणाले, चीर सांध्यात गेली आहे, हा तिसरा प्रकार, ऑपरेशन करा. दुसरे तोच फोटो उजेडाला धरून म्हणाले, हा पहिला प्रकार, प्लास्टर पुरे. अव्वाने त्यांना विचारलं की मोडक्या हाडाला बी जात आसती व्हय, आन ती बी डागदरागणिक बदलती? आम्ही लिंगायत, शरणांची माणसं, जात मानत न्हाय, असंही सुनावलं.

मला घोर निराळाच. आपली लिंगपूजा डाव्या तळहातावर लिंग ठेवून करायची. तो वर वळला नाही तर? सध्या लिंग उजव्या हातावर घेते आणि तिच्या कपाळाला विभूती मी लावते. रेघा वाकड्या येतात म्हणून रोज बोलणी खाते. फोटो पाकिटात घालणार होते, पण घडी पडली तर तुला नवीन मोड दिसेल असं तुझे दाजी म्हणाले. तू हाडांचंच शिकतोस, खरं काय ते कळव.

आंतरदेशीयात जागा उरली नाही, माया उरली आहे.
आक्का

पुणे
७ फेब्रुवारी १९९६

ती. आक्कास सा. नमस्कार.

अव्वाच्या प्रश्नाला आमच्याकडेही उत्तर नाही. सरांनी नावं झाकून मनगटांचे फोटो आम्हाला वाचायला दिले होते. एकाच फोटोचे तिघांनी तीन प्रकार सांगितले. महिन्याने तेच फोटो गुपचूप पुन्हा वाचायला दिले, तर मी माझंच उत्तर फिरवलं. सरांचंही फिरलं होतं. तेव्हा तुझ्या दोघा डॉक्टरांत लबाड कुणी नाही.

प्रकार विचारू नकोस. अव्वा पूजा कशी करते ते दोघांनाही दाखव आणि तळहात वळेल का, एवढंच विचार. नवा फोटो काढायला सांग. हाड सरकलं असेल तर ऑपरेशन, नसेल तर थांबा.

अव्वाला शरणु. लोभ आहेच, धपाट्यांचा डबा आला तर वाढेल.
मल्लेश

कोल्हापूर
२४ मार्च १९९६

चि. मल्लेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे विचारलं. अव्वाने पूजा दाखवायला गळ्यातल्या झोळीतून मोडका हातच बाहेर काढला आणि पहिले डॉक्टर खुर्चीतून उठले. नव्या फोटोत हाड जागेवर होतं. या वेळी दोघंही एकच बोलले, की थांबा, आणि प्लास्टर सुटल्यावर हात वळवायचा व्यायाम चुकवू नका.

काल प्लास्टर सोडलं. आज अंघोळ करून ती पूजेला बसली. तळहात पुरता वळला नाही, जरा तिरका राहिला. लिंग घसरेल म्हणून मी हात पुढे केला, तर मला डोळ्यांनीच मागं सारलं. बोटं वाटीसारखी केली आणि धरलं. मग उजव्या हाताने स्वतःच विभूती लावली. सगळं लक्ष डावीकडे, त्यामुळे रेघा माझ्यापेक्षाही वाकड्या आल्या.

मी आरसा दाखवला नाही.

डबा पाठवते, लोभ त्यात बांधला आहे.
आक्का