नववी ‘ब’चा पट

७ फेब्रुवारी, सोमवार
आज शाळेत रुजू झाले! छात्राध्यापिका म्हणून दोन आठवडे, म्हणजे अर्धी बाई. सकाळी ताईने माझ्या साडीच्या निऱ्या तीनदा सोडून पुन्हा घातल्या आणि शेवटी म्हणाली, जा आता, मुलं हसली तर हसू दे. तिच्याकडे राहायला आल्यापासून मी चोवीस वर्षांची नसून चौथीतली आहे, असंच ती वागते.

सरकारी शाळा, तीन मजली, भर वस्तीत. जिन्याचा कठडा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. मला नववी ‘ब’ मिळाली आहे, पट अडतीस. वर्गाच्या बाई पन्नाशीच्या, सडपातळ. हाताला पांढरं लागू नये म्हणून खडूला कागद गुंडाळतात. त्यांनी मला लाल कापडी बांधणीची निरीक्षण वही दिली. दहा मुलं निवडायची, प्रत्येकावर एक पान. वरवरचं चालणार नाही, वाचताना मूल डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

आणि वर्ग काय शांत! कुणी हात वर करत नाही, कुणी मागे वळत नाही. माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या शाळेत पहिल्याच दिवशी खडू बसला. मी नशीब काढलं.

८ फेब्रुवारी, मंगळवार
पहिलं पान लिहिलं. खिडकीजवळची एक मुलगी समास आखताना नकळत गुणगुणते, आणि स्वतःच्या लक्षात आलं की वेणीचं टोक दातांत धरते. मी तिला ‘गुणगुणी’ नाव ठेवलं. शाळा सुटल्यावर ती समोरच्या शिवणाच्या दुकानात शिरली. शिलाई मशीनवर तिची आई होती, उशीर केलास म्हणून ओरडली आणि ओरडता ओरडता तिचे केस सारखे केले. हेही लिहिलं. पान वाचून बाई खूश. डोळा आहे तुम्हाला, म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, बुधवार
गुणगुणी आली नाही. ताप असेल. आज दुसऱ्या बाकावरच्या एका मुलावर लिहिलं. तो चेहरा मख्ख ठेवून शेजाऱ्याला हसवतो. शेजारी बिचारा रुमाल तोंडात कोंबून बसला होता.

१० फेब्रुवारी, गुरुवार
तो मुलगाही नाही.
हजेरीच्या वेळी मी कान देऊन ऐकलं. एक ते छत्तीस, सलग. मध्ये एकही खाडा नाही. नंतर हजेरीपट बघितला, तर खाडाखोड नाही, नाव कापलेलं नाही. बाईंना विचारलं तर कोणती मुलगी, असं त्यांनी मलाच विचारलं.
मला वेगळाच वास येतोय. निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना वार्षिक परीक्षेआधी घरी बसवतात, असं ऐकलं होतं. बाई माझी पानं वाचतात आणि मुलं हेरतात की काय? म्हणजे चुगली मीच करतेय.

११ फेब्रुवारी, शुक्रवार
मधल्या सुट्टीत शिवणाच्या दुकानात गेले. तुमची मुलगी शाळेत का येत नाही, असं विचारलं. शिवणाऱ्या बाई हसल्या. मला मूलबाळ नाही हो, म्हणाल्या. मशीनवर शाळेचा निळा स्कर्ट होता, खालची दुमड अर्धीच शिवलेली. हा कुणाचा, असं विचारल्यावर त्यांनी तो उचलला, उलटसुलट केला. माप त्यांच्या हातचंच होतं, पण कुणी शिवायला टाकला ते आठवेना. मी निघाले तरी त्या तसाच धरून उभ्या होत्या.
वर्गाच्या बाईंवर मी उगाच संशय घेत होते. म्हणजे, उगाच नाही. पण नाव कापणं वेगळं, हे काहीतरी निराळंच आहे.
परतताना जिन्यावर वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीने मला अडवलं. वर न बघता, भराभर म्हणाली, “टीचर, आमच्यावर लिहू नका ना. मागच्या टीचर आल्या तेव्हा आम्ही अठ्ठेचाळीस होतो.”
म्हणून ती मुलं हलत नाहीत. कुणाच्या नजरेत भरायचं नाही, एवढंच ती शिकली आहेत.
दोन्ही पानं फाडली. बारीक तुकडे केले.

१४ फेब्रुवारी, सोमवार
दोघंही आलेली नाहीत. पट छत्तीसच.
बाईंनी वही मागितली. फाडलेल्या पानांबद्दल चकार शब्द नाही. नवं पान उद्यापर्यंत हवं, नाहीतर प्रमाणपत्रावर सही होणार नाही, असं शांतपणे सांगितलं. चार वर्षं मी शिकवण्या घेत घेत शिकले. ताईने माझ्यासाठी किती ऐकून घेतलंय सासरी.
शक्कल लढवली. जो नाहीच, त्याच्यावर लिहिलं! शेवटच्या बाकावरचा मुलगा. उजव्या बाहीचं बटण तुटलेलं. बोलत नाही, पापणी न हलवता बघतो, स्वतःच्या वहीत सतत इतरांबद्दल लिहितो. पानभर मजकूर. कुणाच्या केसालाही धक्का नाही. आज जेवण गोड लागलं.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
तो आला आहे.
मी निरीक्षणाला बसते त्या शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी. उजव्या बाहीला बटण नाही. हजेरीत बाईंनी सदतीस म्हटलं आणि त्याने हात वर केला. कुणी वळून बघितलं नाही. चष्मेवालीचे खांदे मात्र हलत होते.
कानांबद्दल मी लिहिलं नव्हतं. त्याला कान नाहीत. केसांखाली सपाट कातडी आहे.
असलेलं लिहिलं की नाहीसं होतं. नसलेलं लिहिलं की—

१६ फेब्रुवारी, बुधवार
तो लिहितोय. माझ्याकडे बघून.
वाकून वाचलं. डाव्या भुवईवरचा व्रण. बोलण्याआधी ओठ चावते. निऱ्या एका बाजूला लोंबतात. सगळं खरं आहे.
बाईंना ओढत आणून दाखवलं. त्यांनी त्याची वही चाळली. डोळा आहे याला, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून थोडं अडखळल्या, पुन्हा पुन्हा नाव विचारलं.
त्याची वही हिसकावून पाहिली. सुटत नाही. बाकाला खिळलेली असावी तशी.
घरी ताईने दार उघडलं आणि क्षणभर नुसतीच बघत राहिली. मग, अगं तू होय, म्हणाली. पण उशिरा म्हणाली.

१७ फेब्रुवारी, गुरुवार, तिसरा तास
सुचलंय. तो आता आहे. म्हणजे लाल वहीत त्याच्यावर लिहिलं तर तो जाईल. लिहायला घेतलं. बटण नाही. बोलत नाही. बघतो. पुढे काय? मी लिहिलं त्याच्यापलीकडे त्याच्यात बघण्यासारखं काहीच नाही. आवड नाही, खोड नाही, आई नाही. मूल डोळ्यांसमोर उभंच राहत नाही. तो तसाच बसलाय.

त्याचं पान पाऊण भरलं.

व्हरांड्यातून ताईला फोन केला. मी बोलतेय म्हटलं. कोण मी, म्हणाली. तुझी धाकटी, म्हटलं. ती फार मायेने म्हणाली, नंबर चुकला असेल बाळा, मला बहीण नाही—

वर्गात आले. माझ्या जागेवर दप्तरं ठेवली आहेत. चष्मेवाली एकटी बघतेय माझ्याकडे. बघू नकोस म्हटलं. तिला ऐकू गेलं की नाही—

दोन ओळी उरल्यात.

जिच्या हाती ही रोजनिशी लागेल तिने लाल वही घेऊ नये. बाईंनी कितीही— मुलांची नावं लिहून ठेवते, निदान ती तरी राहू देत. गुणगुणीचं खरं नाव

आठवत नाही. माझं

तो वर बघतोय. आता शेवटचं