जांभळ्या वस्त्राचे टाके

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता माझ्या माघारी काय कोणाचं ते ठरवून ठेवत आहे. नजर अधू झाली आहे, डोकं जागेवर आहे. मी सांगते, सून लिहिते.

सध्या उपवासकाळ आहे. दर वर्षी ईस्टरपर्यंत चाळीस दिवस मी गोड सोडायचे. यंदा ते डॉक्टरांनीच सोडायला लावलं, मग त्याग कसला? फादर म्हणाले, "आजी, रोज एक वस्तू देऊन टाका आणि एका माणसाचे आभार माना." वस्तू भराभर गेल्या. आभारांना मात्र माझी जीभ जड.

१. मोठी कात्री शेजारणीला द्यावी. सात वर्षांपूर्वी तिने ती मागून नेली आणि कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला! तेव्हापासून अबोला होता. परवा मीच बोलले. आता खुशाल पुठ्ठे कापावेत.

२. मुलाला त्याच्या वडिलांचा ओव्हरकोट. तो जहाजावर असतो, थंडीत उपयोगी पडेल. त्याच्यावर राग नाही. पत्रं जरा लांब लिहायला हवी होती, एवढंच.

३. घर, दुकान आणि शिवणयंत्र सर्वस्वी सुनेला. कारण नोंदवते. चर्चच्या वेदीसाठी या दिवसांत लागणारं जांभळं वस्त्र मी शिवलं, म्हणून पहिल्या रविवारी सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मीही ऐटीत मान डोलावली. मग कड बोटांनी चाचपली. टाके माझे नव्हते. माझी वाकडी शिवण उसवून हिने सगळी पुन्हा घातली होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षं माझं प्रत्येक काम ही असंच निस्तरते आणि गिऱ्हाइकांना सांगते, "आईंनीच शिवलंय." मी मात्र बावीस वर्षं तिला "हाताला वळण नाही" म्हणून टोचत आले. मी चुकले.

आज चाळिसावा दिवस. एकोणचाळीस जणांचे आभार मानून झाले, दूधवाल्याचेसुद्धा. हिच्यासमोर तोंड उघडेना, म्हणून आज हिलाच लिहायला बसवलं. सूनबाई, मी तुझी आभारी आहे.

ती थांबली आहे. म्हणते, "आई, मृत्युपत्रात असं नसतं लिहायचं." माझं मृत्युपत्र आहे, मी ठरवीन. लिही.

सही: शिवणकाम करणारी
साक्षीदार: डॉक्टर, पोस्टमन (दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, म्हणून निवडले)
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ईस्टरच्या आदला शनिवार

लेखनिक सुनेची नोंद: आभाराचं वाक्य आईंनी तीनदा सांगितलं. मी एकदाच लिहिलं आहे. उरलेली दोन माझ्यापाशी ठेवून घेतली.