राहिलेलं पान

ता. ९, मंगळवार

चि. खारूताईस,

आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून. त्याला मी आता माझ्यात धरत नाही. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, चुका पोटात घाल.

तू केलेला ताटल्यांचा सेट पोचला. एकही तडकली नाही. शेजारणीला दाखवला, खालच्या शिंपिणीला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला. तो म्हणाला, यात जेवायचं की भिंतीला लावायचं? मी म्हटलं, माझ्या नातीने केलंय, तू नुसतं बघ. काठावरची निळी वेल काय सुरेख उठलीय. माझ्या हातून देठ नेहमी जाड यायचे. तुझे केसासारखे.

तुझ्या प्रदर्शनातही मजा आली. खुर्ची मऊ होती. काचेच्या पेटीत माझी जुनी ताटली दिसली आणि मला हसूच आलं. फडताळातून दोन दिवसांसाठी म्हणून नेलीस, त्याला दीड वर्ष झालं. म्हटलं, बाई, तू इथे होय. काचेवर बोट ठेवलं तर पहारेकरी म्हणाला, आजी, हात नका लावू. तू शेजारीच होतीस. मग पेपरात लिहिणाऱ्या एका बाईने तुला विचारलं, आजींना यातलं काही कळतं का. तू म्हणालीस, "आजीला चहा गरम मिळाला की झालं." सगळे हसले. मीही हसले. चहा कोमटच होता.

प्रदर्शनाची तुझी पुस्तिका तुझ्या आईने मला वाचून दाखवली. मध्ये एक पान गाळलं. मी म्हटलं, पान राहिलं गं. म्हणाली, "चिकटलंय." ती घरी गेल्यावर मी चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडत तेच पान वाचलं. अख्खी दुपार गेली. त्यात लिहिलंय, दोनशे वर्षांपूर्वी कुणा अज्ञात कारागिराने त्या ताटलीवरच्या वेलीत एका पानाची जागा मुद्दाम मोकळी सोडली, आणि ते म्हणे शून्याचं चिंतन आहे.

अगं, चिंतन कसलं. चिनी मातीच्या कारखान्यात मी काठ रंगवायचे. साहेबांनी एका फुटक्या जुन्या रांजणावरची वेल समोर ठेवली. तिला दहा पानं होती, मी मोजली होती. पेटीतल्या त्याच ताटलीवर नऊ काढली आणि कळा सुरू झाल्या. कुंचला तसाच टाकून गेले, संध्याकाळी तुझी आई झाली. मुकादमाने ताटली होती तशी भट्टीत घातली, आणि पुढे सगळ्या बायका तोच नमुना धरून नऊच पानं काढत राहिल्या. दोनशे वर्षं लावलीस. मी एवढी का थकलेली दिसते?

तू विसरली असशील, असं चार दिवस स्वतःला सांगत होते. पण पाच वर्षांची होतीस तेव्हा ही गोष्ट ऐकत जेवताना त्याच मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणायचीस, "इथे आई आहे." घास भरवणारी मीच होते.

सेटमधली एक ताटली परत पाठवतेय. ती जागा अज्ञाताची असेल तर असो. माझं राहिलेलं काम मी पुरं केलंय. तुझ्याही वेलीला नऊच पानं होती, दहावं मी काढलं. देठ जाडच आला. रंग नव्हता म्हणून कपड्यांची नीळ कालवली. पाण्याचा हात लागला की जाईल.

पुसशील तेव्हा आधी बोट ठेव.

तुझ्या ओळखीची,
आजी