मलमाची सुई

१२ जानेवारी १९५३, बाळकुम
आज टिटवाळ्याहून आले. डॉक्टर त्र्यंबकरावांच्या दवाखान्यामागची खोली मिळाली. उजेड भरपूर, खिडकी थेट अंगणात उघडते. काम जखमा धुण्याचं. मिठागरावरच्या माणसांचे पाय खारानं फाटतात, चिघळतात. त्यावर नवं औषध आलं आहे, ग्रॅमिसिडीन. मातीतल्या जंतूंपासून काढतात आणि ते जखमेतले जंतू मारतं. बाटलीबरोबरचा कागद वाचून काढला: फक्त मलमासारखं जखमेवर लावायचं, रक्तात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आमच्या ह्यांचा पाय सडला तेव्हा हे मिळालं असतं तर! पण नव्हतं मिळालं. चुलीला जागा चांगली आहे.

२० जानेवारी
औषध खरंच गुणाचं. बायजाची टाच कोरडी पडली. तरी तिचा नवरा काळुराम फुरंगटलेला. मलम तर घरची म्हातारीही लावते, म्हणाला, मग डॉक्टर कशाला? सुईशिवाय औषध म्हणजे फसवणूक, असं इथे सगळेच मानतात. बरेचजण टेंभी नाक्याच्या सुईवाल्या डॉक्टरकडे जाऊ लागलेत. आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळी वहीत दिवसाचे रोगी मोजले.

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी तेच औषध पातळ करून सुईत भरलं. मी कागदाची आठवण करून दिली. त्यांनी तो वाचलेलाच होता. थोड्यानं काही होत नाही, म्हणाले, आणि टोचल्याशिवाय ह्या लोकांचं समाधान होत नाही. बायजाची टाच बरी झाली होती, तरी तिने हौसेनं दंड पुढे केला. शिरेत दिली. सगळे खूश.

३ फेब्रुवारी
बायजाला हुडहुडी. डोळे पिवळे. लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टर म्हणाले, विष बाहेर पडतंय. काळुरामने लघवीच्या भांड्याला हात जोडले.

५ फेब्रुवारी
बायजा गेली. विष जुनं होतं, सुई उशिरा मिळाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आता सगळ्या गावाला ती लवकर हवी आहे.
औषधं तपासणारे सरकारी साहेब आले होते. बाटल्या पाहिल्या, परवाना पाहिला, चहा घेतला. मी त्यांना गाठून सांगितलं. औषध रीतसर आहे, म्हणाले. डॉक्टर ते कसं देतात हे त्यांच्या कामात येत नाही.

७ फेब्रुवारी
सकाळी दवाखान्याच्या दारात आडवी उभी राहिले. बायजा सुईनेच गेली, सांगितलं. तिची जाऊ शेवंती माझ्याकडे बोट करून म्हणाली, चांगलं औषध ही ठाण्याच्या शेठांसाठी राखते आहे. लोक हसले. मग काळुराम पुढे झाला.
“बाय, मंग पयली तुलाच टोचू दे. तू जगलीस तं आमी घेऊ.”
मला वाटलं, डॉक्टर नाही म्हणतील. त्यांनी सुई भरली. शेवंतीने माझा पदर नीट केला, मग हात धरून ठेवला.

दुपार
थंडी— दात वाजतात. भांड्यात तोच रंग. अंगणात सगळे बसून आहेत, माझ्या खिडकीकडे बघत. ओरडायला गेले. आवाज फुटत नाही. काळुराम म्हणतो, बघा, बाय उभी आहे—

रांग लागली. मी उभी दिसते म्हणून. त्यांच्या समोर जाऊन पडायला हवं, तिथेच, दारात— पाय— भिंत धरून— शेवंती पोराची बाही वर