साडेतेरा ओळी

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवून करायचा तो नमस्कार सध्या उभ्यानेच मानून घे, कारण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे आणि तुझी भावजय त्यांच्या परवानगीशिवाय मला शिंकूसुद्धा देत नाही. भावोजींचे गुडघे कसे आहेत? त्यांना सांग, पत्ते खेळायला तीन जिने चढून जायची काही गरज नाही. मित्राला खाली बोलवावं, खालीही तितकंच हरता येतं. तुझा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर ज्या डॉक्टरांकडे तू ‘उद्या जाते’ म्हणतेस त्यांच्याकडे आज जा. माझी तब्येत उत्तम. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन व्हायचं आहे, पण ते अगदी किरकोळ, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.)

गाठ आधी औषधाने लहान करायची आणि मग काढायची असं ठरल्यामुळे गेले तीन महिने दर सोमवारी मी सकाळी नऊ ते दुपारी दोन एका खोलीत बसायला जातो. सहा खुर्च्या, सहा लोखंडी दांडे, प्रत्येक दांड्याला एक बाटली आणि प्रत्येक बाटलीखाली एक माणूस. आत शिरल्या शिरल्या वजन करतात. आता तू मला ओळखतेस. एकतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस काट्यावर नुसता उभा राहून खाली उतरेल का? मी पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या मागवल्या, काट्यावर ठेवल्या, आणि काटा चारशे ग्रॅम कमी दाखवतो हे सगळ्यांसमक्ष सिद्ध करून दिलं. सिस्टरने काटा बदलला, पण त्या दिवसापासून ती मला ‘साहेब’ म्हणते आणि सुई जरा जोरात टोचते असा मला संशय आहे. (तुझ्या भावजयीच्या मते सुई तेवढीच लागते, मीच जास्त ओरडतो.)

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक्स्चेंजबाई बसतात. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्यावर एक केस नाही, पण त्या डोक्यात अख्ख्या गावाचे जुने नंबर जसेच्या तसे शाबूत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आमच्या जुन्या ऑफिसचा नंबर म्हणून दाखवला, आणि वर तुमचे मोठे साहेब फोनवर फार ओरडायचे, हेही सांगितलं. (खरं आहे. माझ्यावरच ओरडायचे.) पलीकडे क्रेनवाला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणतो. चाळीस टनांचा डबा जमिनीवर असा अलगद टेकवायचा की खाली ठेवलेली काडेपेटी चेपेल पण फुटणार नाही, ही त्याची ख्याती. हे सगळं बोटांच्या टोकांना कळतं, असं तो सांगतो.

आणि या खोलीत एक पांघरूण आहे. ते औषध अंगात शिरलं की आतून थंडी वाजते, कितीही शाली घ्या. म्हणून कुणीतरी कधीतरी लोकरीचं पांघरूण विणायला घेतलं आणि ते अजून संपलेलं नाही. एक टोक सुयांवर, ते ज्याच्या अंगात त्राण असेल त्याच्या हातात. बाकीचं पांघरूण इतरांच्या गुडघ्यांवर. सध्या ते तीन खुर्च्यांना पुरतं. बाईंनी मलाही विणायला शिकवलं. हसू नकोस. सुलट, उलट, टाका घेणं, टाका सोडणं, सगळं येतं मला आता. टेप लावून बघशील तर माझ्या ओळीत सुताचा फरक मिळणार नाही. नियम एकच: दुसऱ्याची ओळ उसवायची नाही. मला तो सांगितला होता. पण नियम पाळायला लावण्यात जन्म गेलेल्या माणसाची एक खोड असते, नियम आपल्याला सोडून बाकीच्यांसाठी असतात असं त्याला मनातून वाटत असतं.

पांघरूण आळीपाळीने घरी धुवायला न्यायचं असतं. सुयांवरचे टाके बाई दोऱ्यावर घेऊन देतात आणि पुढच्या सोमवारी परत सुयांवर चढवतात. गेल्या खेपेला पाळी माझी होती. रविवारी दुपारी धुऊन वाळलेलं पांघरूण पलंगावर पसरलं आणि माझं डोकंच फिरलं. शेवटच्या साडेतेरा ओळी म्हणजे, काय सांगू तुला, नुसता गोंधळ. कुठे टाका गळलेला, कुठे तीन जास्तीचे, एक ओळ इतकी आवळलेली की तिच्यातून हवा जायची नाही, एक अख्खी ओळ उलटच्या जागी सुलट, वर एक भलीमोठी गाठ. आणि शेवटची ओळ तर अर्ध्यातच सोडलेली, लोकर मधूनच लोंबतेय! अर्ध्यात टाकून उठतो का माणूस? ओळी क्रेनवाल्याच्या होत्या हे मला ठाऊक होतं. म्हटलं, पोराला कामाची शिस्त नाही, आपण गुपचूप नीट करून ठेवू, त्याला बरंच वाटेल. ओढली लोकर. सर्रकन साडेतेरा ओळी पाच मिनिटांत उसवल्या, ताई, आणि शेजारणीच्या सुया मागून आणून संध्याकाळपर्यंत मी चौदा सरळसोट ओळी विणून काढल्या. तुझी भावजय दारातून बघत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, “विचारलंत का त्याला?” मी म्हटलं, यात विचारायचं काय?

सोमवारी मी पांघरुणाची घडी अशी ऐटीत बाईंच्या मांडीवर ठेवली की जणू सत्काराची शाल. क्रेनवाला आला, बसला, त्याने पांघरूण ओढून घेतलं आणि त्याचं टोक उलटंपालटं करत राहिला. मग विचारलं, “माझ्या ओळी कुठंयत?” मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की नीट केल्या. सिस्टर बाटली हातात धरून थांबली. मग बाईंनी सांगितलं. आधीच्या सोमवारी मी औषधाच्या गुंगीत घोरत पडलो होतो तेव्हा क्रेनवाल्याच्या बोटांतली उरलीसुरली जाणीव गेली होती. औषधाने काहींचं तसं होतं. चौदाव्या ओळीच्या मध्यात त्याच्या बोटांना सुई कळेनाशी झाली, आणि त्याने ती बाईंच्या हातात दिली. त्या साडेतेरा ओळी त्याच्या शेवटच्या होत्या. त्याच्या बोटांना आता क्रेनची दांडी काय, सदऱ्याचं बटणही कळत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (हा शब्दप्रयोग आमच्या खोलीत सहसा कुणी करत नाही.) मी हात जोडून माफी मागितली. क्रेनवाला रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता माझ्या त्या सरळ ओळींकडे बघत बसला आणि म्हणाला, “छान आहेत, काका.”

आणि इथून पुढे जे झालं ते मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं नसतं तर तुला लिहिलंही नसतं. बाईंनी सुया मागून घेतल्या. माझ्या चौदा ओळी माझ्यादेखत उसवल्या. मग डोळे मिटून क्षणभर बसल्या आणि सुरुवात केली. पहिली ओळ साधी. दुसरी साधी. तिसरीत नवव्या टाक्याशी थांबल्या, म्हणाल्या, “इथे सिस्टर बाटली बदलायला आली होती,” आणि तो टाका मुद्दाम गाळला. पाचवी ओळ आवळून आवळून विणली. त्या दिवशी त्याचा रिपोर्ट आला होता. सहाव्या ओळीत तीन टाके जास्त, कारण मुलीचा फोन आला आणि तो मोजायचं विसरला. आठवी अख्खी सुलट, कारण बाई तेव्हा एक किस्सा सांगत होत्या, त्यांनी चुकून जोडून दिलेली दोन अनोळखी माणसं वीस मिनिटं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत राहिली होती, आणि क्रेनवाला हसून हसून बेजार झाला होता. ताई, त्या बाईंना एकेक चूक पाठ होती! त्यांच्या स्वतःच्या हातात सुई टोचलेली, नळी लोंबतेय, आणि त्या त्याच्या चुका जशाच्या तशा परत घालताहेत, न चुकता. मी आयुष्यात हजारो वजनं तपासली, पण इतका अचूक माणूस मला भेटला नव्हता. मी आ वासून बघत बसलो. मला काम दिलं होतं, लोकरीचा गुंडा धरायचं आणि चुका बरोबर जागी पडताहेत ना ते तपासायचं. एकतीस वर्षांत मी चुकीच्या गोष्टीवर कधी शिक्का मारला नाही. त्या सकाळी तेरा वेळा मान डोलावली.

विणून झाल्यावर क्रेनवाल्याने ते टोक घेतलं. बोटांना कळेना म्हणून गालाला लावलं आणि गाल हळूहळू ओळींवरून फिरवला. “आहे,” तो म्हणाला. “फक्त गाठ जरा उजवीकडे होती.” बाईंनी गाठ उजवीकडे घेतली. मग त्याने ती अर्धी राहिलेली ओळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, उरलेली तुम्ही पुरी करा. मी केली. डोळ्यांपुढे सगळं धुरकट झालेलं असल्यामुळे दोन टाके गळले. मी ते उचलायला गेलो तर बाईंनी हात धरला. त्यांच्या डोक्यात नोंद झालीसुद्धा.

तेव्हापासून मला तुझा तो निळा स्वेटर आठवतोय. मी अकरा वर्षांचा, तू पंधराची. तू दोन महिने खपून विणलास आणि मी तो अंगात घालायच्या आधी सगळ्या मावश्यांदेखत पट्टीने मोजून दाखवला, डावी बाही उजवीपेक्षा दोन इंच लांब. सगळे हसले. तू पण हसलीस. मी तो एकदाही घातला नाही, आणि पुढे पन्नास वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात तो किस्सा रंगवून सांगत आलो. आई त्याच थंडीत दवाखान्यात होती ना? डावी बाही तू तिच्या पलंगाशी बसून विणलीस का? मी कधी विचारलंच नाही. आता विचारतो.

भावोजींना नमस्कार, आणि खोकल्याचं मनावर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. वर ऑपरेशन किरकोळ आहे असं लिहिलं ते भावोजींना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी. पाच-सहा तास लागतील असं डॉक्टर म्हणतात. येत्या गुरुवारी सकाळी. मला भीती वाटते आहे, ताई. हे तुझ्या भावजयीला सांगू नकोस, तिला वाटतं मी फक्त चिडलेलो आहे.

ता. क. २ तो स्वेटर तुझ्या ट्रंकेत अजून आहे असं ऐकलं. असेल तर घेऊन ये. अंगात जाणार नाही, उशाशी ठेवीन. उसवला असशील तरी हरकत नाही, पुन्हा विण. उजवी बाही साडेचौदा इंच, डावी साडेसोळा. आकडे पक्के आहेत, मी स्वतः मोजले होते.

ता. क. ३ आता खरं काम. ऑपरेशनला जाणाऱ्याबरोबर आमचं पांघरूण जातं. आजवर पाच जणांबरोबर गेलं आणि चौघांबरोबर परत आलं. जायच्या आदल्या दिवशी त्यात एक ओळ जाणाऱ्याची आणि एक ओळ त्याच्या घरच्या माणसाची घालायची असते. तुझ्या भावजयीला सुई धरता येत नाही, पण तिचं म्हणणं असं की येत असती तरी ही ओळ तुझीच. बुधवारी सकाळी ये. टाके गळू देत, जास्तीचे पडू देत, रडायला आलं तर आवळून विण; बाई शेजारी बसून लक्षात ठेवणार आहेत. मोजपट्टी मी क्रेनवाल्याला देऊन टाकली आहे.